तीन व्हिडिओ लायब्ऱ्या आणि चौदा कॅसेट

2024 च्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 9 मार्चला, रत्नागिरीतल्या आमच्या जुन्या घराचे छप्पर शाकारायला माणसे आली आणि त्यासाठी माळा रिकामा करताना कोपऱ्यातून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरली. तिच्यात व्हीएचएसच्या चौदा व्हिडिओ कॅसेट होत्या. अकरा घरच्या होत्या: ताईचे मे 1992 मधले लग्न दोन कॅसेटांवर, चार गणपती, दोन शिमगे, एक मुंज, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेने चित्रित करून घेतलेली एक डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) आणि एक काहीच न लिहिलेली. उरलेल्या तीन आमच्या नव्हत्याच. त्या गावातल्या तीन वेगवेगळ्या व्हिडिओ लायब्ऱ्यांच्या होत्या आणि परत करायच्या राहून गेल्या होत्या.

आजी 1996 मध्ये गेली आणि अण्णा 2011 मध्ये. दोघांचाही आवाज घरात दुसऱ्या कशावरही नाही. आईचे वय आता 78 आहे आणि ट्रंक पाहताच तिने विचारले ते एवढेच, की हे आता बघता येईल का. त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आठ महिने लागले. ज्यांच्या माळ्यावर अशीच ट्रंक असेल, त्यांचा वेळ आणि पैसा माझ्याइतका वाया जाऊ नये म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

पहिली चूक मी घाईने केली. 12 मार्चला लग्नाची पहिली कॅसेट आणि एका गणपतीची कॅसेट संगणकावरच्या फाइलमध्ये उतरवून घ्यायला मी एका स्टुडिओत दिली. दर कॅसेटला 300 रुपये, निम्मे आगाऊ, आठ दिवसांचा वायदा. तिथे एक छापील अर्ज भरून घेतला, त्यात चित्रीकरणाचा मालकीहक्क माझा आहे असे लिहून द्यायचे होते. लग्नाचे शूटिंग दुसऱ्याने केलेले असताना असे कसे लिहून द्यावे, म्हणून मी अडखळले. नंतर वाचल्यावर समजले की 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून असे चित्रीकरण केले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देऊन काम सांगणाराच असतो. अण्णांनी पैसे दिल्याची पावती ट्रंकेतच होती. तुमच्याकडे अशी पावती असेल तर ती कॅसेटच्या डबीतच ठेवावी.

आठ दिवसांचे जवळजवळ सहा आठवडे झाले. 20 एप्रिलला पेनड्राइव्ह मिळाला तेव्हा चित्र नव्या टीव्हीच्या रुंदीला ताणलेले होते, त्यामुळे सगळी माणसे बुटकी आणि रुंद दिसत होती. मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या बराच मागून येत होता. जुने चित्र चारास तीन या प्रमाणातले असते, ते तसेच ठेवायला सांगावे लागते. मी सांगितले नव्हते. काम देण्याआधी एखादी कमी महत्त्वाची कॅसेट नमुना म्हणून द्यावी, मूळ फाइल कोणतीही काटछाट न करता मागावी आणि ती पाहिल्यावरच बाकीच्या द्याव्यात. लग्नाची कॅसेट पहिल्यांदा देणे हा माझा अविचार होता आणि सुदैवाने तिला इजा झाली नाही.

स्टुडिओची वाट पाहत असतानाच, 25 मार्चला धुळवडीच्या सुट्टीत, मी त्या तीन परक्या कॅसेट पिशवीत घालून निघाले. मनात दोन हेतू होते. कॅसेट ज्याच्या त्याला परत कराव्यात हा एक, आणि ज्यांचा तो धंदा होता त्यांच्यापैकी कोणाकडे अजून चालू व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचे यंत्र, असेल तर विचारावे हा दुसरा.

या तीन लायब्ऱ्यांची तुलना आमच्या घरात एके काळी रोज होत असे. 1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आले आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत रत्नागिरीसारख्या गावातही नाक्यानाक्यावर लायब्री उघडली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती 26 जानेवारी 1998 रोजी; त्याआधी नव्या कॅसेटांचे पार्सल मुंबईहून रातराणीने यायचे आणि शुक्रवारी सकाळी एसटी स्टँडवर ते कोण आधी उचलतो यावर त्या आठवड्याचा धंदा ठरायचा. आईच्या जमाखर्चाच्या वह्या शाबूत असल्यामुळे मला आठवणीवर विसंबावे लागले नाही. स्टँडजवळच्या लायब्रीची ठेव 300 रुपये आणि भाडे दिवसाला 10 रुपये होते. राम आळीतली ठेव घेत नसे, पण शिधापत्रिकेची झेरॉक्स आणि जुन्या सभासदाची सही मागत असे, आणि भाडे 8 रुपये होते. मारुती मंदिराच्या बाजूच्या तिसऱ्या लायब्रीत ठेव 200, भाडे 10, आणि त्याच संध्याकाळी परत केल्यास 5 रुपये. व्हीसीआर व रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी आणायचा तर तिथे 150 रुपये पडत. वहीत 1991 च्या गणपतीत तशी एक नोंद आहे. त्या रात्री खळ्यात सतरंज्या घालून अर्धी आळी बसली होती आणि तीन चित्रपट संपेपर्यंत उजाडले होते.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि माझ्या मते स्टँडजवळची लायब्री सर्वांत चांगली होती, कारण नवा चित्रपट तिथे आधी मिळायचा. अण्णांचे मत निराळे होते. ते तिसऱ्या लायब्रीत जात, आणि का, हे मला त्या तीन कॅसेट हातात घेऊन पाहीपर्यंत कळले नव्हते.

स्टँडजवळच्या लायब्रीच्या कॅसेटवर फक्त पेनाने लिहिलेले नाव आणि क्रमांक होता. झडप उघडून पाहिली तर फितीची खालची कड सुरकुतलेली होती आणि एके ठिकाणी तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने जोडली होती. व्हीसीआरमधला ज्या नळकांड्यावर फीत वाचणारे हेड असतात तो ड्रम आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत मिनिटाला 1,500 फेरे घेतो. त्या वेगात चिकटपट्टीची कड किंवा तिचा सुटलेला डिंक हेडवर आला तर हेड तरी भरते किंवा तुटते, आणि दोष नेहमी गिऱ्हाइकाच्या व्हीसीआरला दिला जायचा. आमच्या शेजाऱ्यांचा, आखातातून आणलेला नवा व्हीसीआर असाच बंद पडला होता. राम आळीतल्या कॅसेटची फीत धड होती, मात्र अर्ध्यावरच गुंडाळलेली होती. त्या लायब्रीत चित्राची प्रत चांगली असायची, पण आधीच्या गिऱ्हाइकाने रिवाइंड केली की नाही हे कोणी पाहत नसे.

तिसऱ्या लायब्रीची कॅसेट पूर्ण रिवाइंड केलेली होती. डबीच्या आत निर्मात्याचे नाव, पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापलेली होती. 1984 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम 52अ नुसार हे सर्व प्रत्येक व्हिडिओ कॅसेटवर किंवा तिच्या वेष्टनावर असणे बंधनकारक झाले. तीनपैकी एकाच कॅसेटवर ते होते. पाठीवर एक छोटी चिठ्ठी होती आणि तिच्यावर दर वेळी कॅसेट परत आल्यावर तपासल्याची तारीख व आद्याक्षर. अशा एकोणीस तारखा मी मोजल्या. शेवटची तारीख 6-6-93 होती. ती कॅसेट आम्ही त्यानंतर आणली असणार.

पहिल्या लायब्रीच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे आणि तिथे कोणाला काही माहीत नव्हते. राम आळीतल्या गाळ्याला कुलूप होते. शेजारच्यांनी सांगितले की ते कुटुंब मुलाकडे पुण्याला गेले. तिसऱ्या लायब्रीच्या जागेत झेरॉक्सचे दुकान निघाले आणि गल्ल्यावर ती लायब्री चालवणारे तेच काका बसलेले होते. मी नाव सांगितले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “अगो, तू अण्णांची धाकटी ना? कॅसेट आणलीस वाटतं.” त्यांनी ती उघडली, झडप वर करून फीत उजेडात धरली, बुरशी नाही ना ते पाहिले आणि मग बसायला सांगितले. पंचवीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या धंद्याची ती हाताची सवय पाहून मला अण्णांची पसंती समजली.

काकांकडे एक व्हीसीआर होता, जुन्या धोतरात गुंडाळलेला. तो चालत नव्हता. आतला रबरी पट्टा चिकट काळ्या लगद्यासारखा होऊन पुलीला चिकटला होता. अमुक दुकानात जा असे न सांगता त्यांनी वहीच्या पानावर त्या पट्ट्याचा आणि फीत ओढणाऱ्या पिंच रोलरचा आकार काढून दिला. नवा व्हीसीआर घेण्याचा पर्यायच नव्हता, कारण शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले.

मे महिन्यात रेल्वेचे आरक्षण मिळणे कठीण, त्यामुळे मी प्रतीक्षा यादीतले तिकीट काढून ठेवले आणि ते आदल्या दिवशी निश्चित झाले. 4 मेला मी मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर होते; पाट्यांवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. नऊ दुकानांत नकार मिळाला. दहाव्या दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी कागदावरची आकृती पाहून एका डब्यातून दोन पट्टे काढले, रोलर मात्र जुन्या यंत्रातला दिला. जाणाऱ्याने यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि जुन्या भागाचे मोजपट्टीसह छायाचित्र जवळ ठेवावे, केवळ नाव सांगून तिथे काही मिळत नाही. सुटे भाग आणि रत्नागिरीतल्या मेकॅनिकची मजुरी मिळून 900 रुपये झाले. व्हीसीआरमधले चित्र संगणकात उतरवणारे कॅप्चर यंत्र 1,650 रुपयांना घेतले.

11 मे रोजी काकांच्या दुकानामागच्या खोलीत काम सुरू झाले. कोणतीही कॅसेट लगेच प्ले करू नये, हा त्यांचा पहिला नियम. आधी तिच्या पाठीवरची प्लास्टिकची चौकोनी टिकली तोडलेली आहे का ते पाहायचे. ती शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन असलेलेही पुसले जाऊ शकते, म्हणून ती तोडायची. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्यायची, म्हणजे तीस वर्षे एकाच ताणाने बसलेली फीत सुटी होते. त्यानंतर व्हीसीआरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. त्यासाठी कानात घालायची कापसाची काडी वापरायची नाही, कारण कापसाचा धागा हेडच्या टोकाला अडकतो. तंतू न सुटणारा कागद बोटाखाली हलका धरून ठेवायचा आणि हाताने ड्रम आडवा फिरवायचा, बोट खालीवर हलवायचे नाही. काकांनी हे मला चार वेळा करून दाखवले आणि पाचव्या वेळी माझ्याकडून करून घेतले.

कॅसेटचे रूपांतर करायला ती जितक्या वेळाची तितकाच वेळ लागतो, हे आधी कोणी सांगितले असते तर मी सुट्टीचे नियोजन निराळे केले असते. तीन तासांची कॅसेट तीनच तासांत उतरते आणि तेवढा वेळ समोर बसून चित्र स्थिर ठेवणाऱ्या ट्रॅकिंगच्या बटणाकडे लक्ष ठेवावे लागते. मी 720 गुणिले 576 या आकारात, सेकंदाला 25 चित्रे या मूळ वेगातच सर्व घेतले. तासाला साधारण साडेतीन ते चार जीबी जागा लागली. हालचालीच्या कडांना दातेरी रेषा दिसतात, त्या पाहून घाबरू नये. जुने चित्र आडव्या रेषांच्या दोन फेऱ्यांत रंगवले जाते आणि संगणकावर पाहताना डीइंटरलेस हा पर्याय चालू केला की त्या जातात. मूळ फाइलमध्ये मात्र त्या तशाच राहू द्याव्यात.

5 जूनपर्यंत सात कॅसेट झाल्या. स्टुडिओने बिघडवलेल्या दोन्हीही पुन्हा नीट उतरवल्या. मंगलाष्टके ओठांबरोबर ऐकू आली तेव्हा ताईला फोन लावून मी तो आवाज तिला नुसता ऐकवला, आणि पलीकडून ती बराच वेळ काही बोलली नाही.

उरलेल्या चार कॅसेटांच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसत होती. ती बुरशी होती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमची ट्रंक तीस पावसाळे कौलांखाली होती, तेव्हा अकरापैकी सात वाचल्या याचेच नवल वाटले पाहिजे. बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर ती यंत्रात पसरते आणि पुढची चांगली कॅसेटही बाधते. चौकशी केलेल्या दोन ठिकाणी अशा कॅसेट घ्यायला सरळ नकार मिळाला. मृग जवळ आला होता आणि दमट हवेत हे काम करायचे नाही असे काकांनी बजावले. 7 जूनला त्या चारही कॅसेट ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. दर पंधरा दिवसांनी पुड्या बदलल्या. या चार महिन्यांत मला फार अस्वस्थता आली, कारण त्या चारांत लग्नाची दुसरी कॅसेट होती आणि पंगतीत वाढणारी आजी तिच्यातच होती. सप्टेंबरात गणपतीला आलेले प्रत्येक माणूस त्याबद्दल विचारत होते.

19 ऑक्टोबरला, हवा कोरडी होऊ लागल्यावर, काम पुन्हा हाती घेतले. अंगणात, नाकातोंडाला मास्क लावून, कॅसेट पालथी ठेवून तिचे पाच स्क्रू काढले. कवचाचा वरचा अर्धा भाग सावकाश उचलावा लागतो, कारण आतल्या छोट्या स्प्रिंगा उडतात. उघडण्याआधी आणि उघडल्याबरोबर मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, म्हणजे फीत कोणत्या खुंटीवरून जाते ते विसरत नाही. वाळलेली भुकटी मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेला झाडली. मग अल्कोहोलने अगदी किंचित ओलावलेल्या कापडाच्या दोन घड्यांमधून ती अर्धा इंच रुंदीची फीत हाताने ओढत एका रिळावरून दुसऱ्या रिळावर घेतली. काका रीळ फिरवत आणि मी कापड धरत असे. तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून जास्त फीत असते. एका बैठकीत ते संपत नव्हते, दुपारी सुरू केले की दिवेलागण व्हायची. कापडावर उमटणारे राखाडी पट्टे फिकट होत गेले की फीत स्वच्छ झाली असे समजायचे. स्वच्छ झालेली गुंडाळी आम्ही एका चांगल्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात बसवली. ती रिकामी कवचे काकांनी धंदा बंद करताना जपून ठेवलेली होती.

लग्नाची दुसरी कॅसेट 26 ऑक्टोबरला चालली. पहिली सहा मिनिटे चित्रावर पावसासारख्या रेघा होत्या, नंतर पंगत आली. आजी नऊवारीत, हातात आमटीचे भांडे, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून कोणाला तरी सांगते आहे, “अगो, त्या कडेच्या पानावर भात नाहीये, बघ जरा.” एवढेच वाक्य आहे. आईने ते त्या संध्याकाळी सात-आठ वेळा लावायला सांगितले आणि कडेच्या पानावर कोण बसले होते तेही तिने ओळखले.

16 नोव्हेंबरला शेवटची कॅसेट संपली. डबलबारीच्या कॅसेटमधली मधली चाळीस मिनिटे वाचवता आली नाहीत. फितीवरचा थरच तिथे निघून आला आहे आणि त्यावर आम्हाला उपाय सापडला नाही. काहीच न लिहिलेली कॅसेट कोरी निघाली.

खर्चाचा हिशेब असा: स्टुडिओचे 600, व्हीसीआर दुरुस्तीचे 900, कॅप्चर यंत्राचे 1,650, अल्कोहोलचे 280, सिलिका जेलचे 120, म्हणजे 3,550 रुपये, एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कचे 4,800 धरले तर 8,350. मुंबईचा प्रवास वेगळा. मुंबईत एका ठिकाणी कॅसेटला 450 रुपये दर सांगितला होता, म्हणजे अकरा कॅसेटचे 4,950 झाले असते. त्यामुळे ज्यांच्याकडे पाच-सहा धड कॅसेट आहेत त्यांनी ही खटपट न करता चांगल्या माणसाकडे काम द्यावे, हेच माझे मत आहे. बुरशी असेल किंवा जवळपास असे काका असतील तर घरी करावे. काकांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. उलट अण्णांची 200 रुपयांची ठेव परत करायला त्यांनी गल्ला उघडला. मी नको म्हटले तरी त्यांनी ऐकले नाही, कारण धंदा बंद करताना आलेल्या प्रत्येक सभासदाची ठेव त्यांनी फेडली होती आणि अण्णा तेवढे आले नव्हते. ती नोट आईने जमाखर्चाच्या जुन्या वहीत, ठेव भरल्याची नोंद आहे त्या पानात ठेवली आहे.

तिन्ही लायब्ऱ्यांच्या चित्रपटांच्या कॅसेट मी उतरवून घेतल्या नाहीत. चित्रपटाचा कॉपीराइट साठ वर्षे असतो आणि तो आमचा नव्हे. तिसरी काकांकडे परत गेली. राम आळीतल्या कुटुंबाचा पुण्याचा पत्ता मिळाला आहे, तेव्हा ती कॅसेट रिवाइंड करून, पुढच्या महिन्यात ताईकडे जाईन तेव्हा नेऊन देणार आहे. घरच्या फाइलींच्या तीन प्रती केल्या. एक माझ्या हार्ड डिस्कवर, एक ताईकडे आणि एक काकांकडे आहे. मूळ कॅसेट फेकल्या नाहीत. त्या आता माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात, पुस्तकांसारख्या उभ्या, पूर्ण रिवाइंड करून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या पाठीवर तपासल्याची तारीख लिहायला चिठ्ठी लावली आहे.